शेवाळाचा डबा

घड्याळजींची शुगर उतरली तेव्हा घरात आनंदीआनंद झाला, आणि घात झाला तो तिथंच.

दोन वर्षांपूर्वी हा माणूस मेलेल्या थोरल्या भावाशी दिवसभर हुज्जत घालायचा. मग डॉक्टरांनी पिवळी गोळी दिली. भाऊ गेला, पण पोट आलं, शुगर चढली, घड्याळं दुरुस्त करायच्या दुकानातलं स्टूल पुरेनासं झालं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. तरी गोळी बंद करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यांची बायको प्रयोगशाळेत उंदरांना खायला घालायची. तिथले सर नेमकं हेच तपासत होते, की असल्या औषधानं शरीराची जी नासाडी होते ती खायचं समुद्री शेवाळ रोखतं का. चाळीस उंदरांना औषध, त्यातल्या विसांना वर शेवाळाची पूड. बाईच्या मनात आलं, माझ्या नवऱ्यानंच काय घोडं मारलंय? पुडीचा डबा एकच होता. ती तो संध्याकाळी पिशवीतून घरी न्यायची, चमचाभर पूड सूपमध्ये ढवळायची आणि सकाळी डबा जागच्या जागी ठेवायची.

"ओल्या पायपुसण्यासारखा वास येतो गं."

"नाक धरा आणि गिळा. गोळीपण गिळा."

महिन्याभरात शुगर उतरली, पोट ओसरलं. इकडे प्रयोगशाळेत मात्र शेवाळ खाणारे वीस उंदीर टम्म फुगले आणि दिवसभर पेंगायला लागले. दोन तर मेलेच.

"तीन वर्षांची मेहनत पाण्यात," सर कपाळाला हात लावून म्हणाले. "पुडीत काहीतरी भेसळ आहे. आज माझ्यासमोर चाळा."

एरवी बाई पूड तशीच उंदरांच्या खाद्याबरोबर मिक्सरमध्ये ओतायची. आज चाळली, तर चाळणीत तीन पिवळ्या गोळ्या उरल्या, अर्धवट विरघळलेल्या.

"आपलं औषध तर द्रव आहे. या कोणाच्या?"

"माझ्या नवऱ्याच्या," ती म्हणाली. नवरा गोळी जिभेखाली धरायचा आणि घरात दुसरं कोणी उघडणार नाही त्या डब्यात थुंकायचा. महिनाभर.

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे शेवाळ निर्दोष आहे!"

असल्या माणसाला काय बोलायचं? ती तडक घरी पळाली.

घड्याळजी जेवायला बसले होते. टेबलावर तीन ताटं होती.

"लवकर आलीस? दादा आलाय," ते म्हणाले. "त्यालाही ते शेवाळ आवडत नाही."

तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. शेवटी तिनं गोळी काढून नवऱ्यापुढे ठेवली आणि रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"भावोजी, आता तुम्हीच सांगा यांना. माझं ऐकत नाहीत."

घड्याळजी खुर्चीकडे कान देऊन बराच वेळ बसले. मान डोलावली. मग गोळी उचलली.

"घे म्हणतोय. पण घेतली की तो जाईल गं."

"जाऊ देत," ती म्हणाली. "पण जेवून."

आणि तिनं तिसऱ्या ताटात वाढलं.