नमुन्याचं निमंत्रण

पाहुण्यांचं आदरातिथ्य कसं करावं हे कॅनडातल्या अख्ख्या सस्कॅचवन प्रांतात माझ्याइतकं चांगलं कोणी शिकवू शकत नाही, असं मी या डिसेंबरपर्यंत खुशाल सांगत असे. आमच्या मेनोनाइट पंथाच्या चर्चमधल्या तरुण मुलांचा वर्ग मी बारा वर्षं घेते. सात मुलं-मुली, वयं चौदा ते सतरा. यंदा नाताळात नुसती बायबलमधली वचनं पाठ करून घ्यायची नाहीत, असं मी ठरवलं. प्रत्येकाने गावातल्या एका एकट्या माणसाला आपापल्या घरी जेवायला बोलवायचं.

चार रविवार मी त्यांच्याकडून घोटून घेतलं. पाहुण्याचा कोट आपण हातात घ्यायचा. त्याला नावाने हाक मारायची. कोणी एकटं दिसलं की शेजारी जाऊन बसायचं. आणि यजमानाने स्वयंपाकघरात दडी मारायची नाही.

मग आलं निमंत्रणाचं कार्ड. या मुलांचं अक्षर म्हणजे बर्फावरून कोंबडी पळत गेल्यासारखं, आणि शुद्धलेखनही त्या कोंबडीचंच. म्हणून मी फळ्यावर नमुना लिहिला: 'नाताळनंतरच्या शनिवारी दुपारी दोन वाजता आमच्या घरी जेवायला यावे. १४, एल्म मार्ग.' पत्ता माझाच. नमुन्यात काहीतरी पत्ता हवा ना?

"जसंच्या तसं उतरवा," मी बजावलं. "एक अक्षर बदललंत तर याद राखा."

त्यांनी एक अक्षर बदललं नाही.

त्या शनिवारी दोन वाजता मी कोट घालून बूट चढवत होते. सातही घरांना धावती भेट देऊन मुलांची पाठ थोपटायची, असा बेत होता. माझा नवरा आर्नो थंडीची लांब लोकरी चड्डी घालून सोफ्यावर पसरला होता. टीव्हीवर हॉकीचा सामना चालू होता. तेवढ्यात घंटी वाजली.

दारात पेट्रोलपंपावरचा रोमेल, हातात भाताचं मोठं पातेलं. "मी फार लवकर आलो का?" त्याने विचारलं.

त्याच्या मागे वृद्धाश्रमातल्या दोन आजीबाई. त्यांच्या मागे वृद्धाश्रमाची बस. बसमधून अजून अकरा जण उतरत होते.

आतून आर्नोचा अगदी शांत आवाज आला. "व्हर्ना, पेट्रोलपंपवाला माझ्या शेजारी येऊन बसलाय आणि माझ्या अंगात पॅन्ट नाही."

मी त्याच्यावर पांघरूण टाकेपर्यंत माझे सातही विद्यार्थी हजर झाले. मी जोलीन वीबला बाजूला ओढलं. जोलीन सोळा वर्षांची, वाचनालयात काम करते.

"अगं, आपापल्या घरी बोलवायचं होतं ना?"

"कार्डावर तुमचा पत्ता होता, बाई. आम्हाला वाटलं, पहिल्यांदा तुम्ही करून दाखवणार."

"पण एकेकाने एकच माणूस!"

"एकच निवडता येईना," ती म्हणाली. "वाचनालयात सगळेच एकटे वाटले. मी चाळीस प्रती काढल्या."

घरात होतं काय? अर्धा सॉसेज, कालचं कोबीचं सूप आणि बरणीच्या तळाशी उरलेली मसाल्याची बिस्किटं. मी सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि दार लावून घेतलं.

पण बाहेर काय चाललंय ते दाराच्या काचेतून दिसत होतं. डारियन फ्रीसन, ज्याला वर्गात जागं ठेवायला मला घसा कोरडा करावा लागतो, तो पाहुण्यांचे कोट घेऊन आमच्या पलंगावर रचत होता. दोघं चर्चमधून घडीच्या खुर्च्या घेऊन आले. बाकीच्यांनी आपापल्या आयांना फोन लावले. वीस मिनिटांत गरम पाव, हॅम आणि सूपची तीन भांडी दारात हजर. प्रत्येकाला नावाने हाका चालल्या होत्या. पांघरूण गुंडाळलेल्या आर्नोला दोन आजीबाई हॉकीचे नियम समजावून देत होत्या. मी एवढी फुलले की माझा कोट मलाच तंग व्हायला लागला.

दार उघडून जोलीन आत आली. "बाई, बाहेर चला. यजमानाने दडी मारायची नाही."

तिने मला हाताला धरून नेलं आणि खिडकीपाशी एकट्या बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाशेजारी बसवलं. त्यांचं नाव ओरेस्ट मेल्निक.

"लांबून आलात?" मी विचारलं.

"छे, या समोरच्याच घरातून. एकोणीस वर्षं राहतोय. या घरात आज पहिल्यांदा आलो. इथे कोण राहतं तेच कळत नाही हो. गॅरेजचं दार उघडतं, गाडी जाते, दार बंद होतं. तुम्ही कुठे राहता?"

"जवळच," मी म्हणाले.

त्यांनी मला बायकोबद्दल सांगितलं. ती जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा दूर होता. मी ऐकत राहिले. त्या एका तासात मी काही शिकवलं नाही.

चारच्या सुमारास ते उठले आणि जोलीनला म्हणाले, "फार छान घर आहे तुझं, पोरी. आणि या बाईंना बोलावलंस ते बरं केलंस. बिचाऱ्या एकट्याच दिसतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चला, अंधार पडायच्या आत तुम्हाला घरी सोडतो."

जोलीनचा चेहरा दगडासारखा. "जा ना, बाई," ती म्हणाली. "इथलं आम्ही बघतो."

आणि मी निमूटपणे निघाले. उणे बावीस अंशांत मेल्निकांच्या हाताला धरून रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे त्यांनी विचारलं, "कुठलं घर?" तेव्हा मला सांगावंच लागलं.

त्यांनी मागे वळून माझ्या घराकडे पाहिलं. "म्हणजे गॅरेजवाल्या तुम्ही!" मग त्यांनी माझा हात पुन्हा आपल्या कोपरात अडकवला. "असं करा, आता माझ्याकडे कॉफीला या. जमेल तशी करतो. मला काही कोणी शिकवलेलं नाही."

कॉफी उत्तम होती. माझ्या घरात चाळीस पाहुणे, आणि मी समोरच्या घरात बसून दुसरा कप मागत होते.

वर्ग पुढच्या वर्षीही माझ्याकडेच आहे. मुलांनीच चर्चच्या पाळकांना तशी विनंती केली. बाईंची प्रगती बरी आहे म्हणतात. फक्त सराव कमी पडतो.