दिघेबाईंची हजेरी

गेल्या वर्षी एका सकाळी पेणच्या बाजारात दिघेबाईंनी "ए चंद्रे" अशी हाक मारली आणि मेथी निवडणाऱ्या एका सत्तरीच्या बाईच्या हातून जुडी खाली पडली. ती आमच्या आळीतली नर्मदावहिनी. तिला तीन सुना, सात नातवंडं, आणि त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं की ही लग्नाआधी चंद्री होती. भाजीवाल्याने विचारलं, कोण चंद्री? वहिनी म्हणाली, "मीच रे बाबा," आणि जुडी उचलायचं सोडून तिथेच हसत बसली.

साठीच्या पुढची कुठलीही बाई दिसली की तिच्या नवऱ्यानेही कधी न घेतलेल्या नावाने तिला हाक मारायची, हा दिघेबाईंचा छंद. छंद म्हटलेलं त्यांना चालत नाही. संशोधन म्हणायचं.

रामवाडीत त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. वीस-बावीस वर्षं आमचं सगळं बोलणं त्या भिंतीवरूनच होत आलंय. बाईंचा उभा जन्म प्राथमिक शाळेत गेला. लग्न केलं नाही. आई होती तोवर दोघी राहायच्या, आता एकट्या. नोकरी संपली पण शाळा सुटली नाही. दूधवाला नुसतं "उद्या नाय" म्हणाला तर बाई दार अडवून उभ्या राहतात. "उद्या काय नाही? कोण नाही? पूर्ण वाक्यात सांगा." मग तो बिचारा सांगतो, "उद्या मी दूध घेऊन येणार नाय." त्यावर बाई "शाब्बास" म्हणतात आणि मगच पातेलं पुढे करतात.

अशा ह्या बाईंनी चौसष्टाव्या वर्षी एम.ए.ला नाव घातलं. विषयाचं नाव एवढं लांब की आमच्या ह्यांनी तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा नाद सोडला. प्रादेशिक आणि सांस्कृतिक अभ्यास, आणि पुढे आंतरविद्याशाखीय. म्हणजे थोडा इतिहास, थोडा भूगोल, थोडं भाषेचं, थोडं माणसांच्या चालीरीतींचं. मी म्हटलं, मग भेळच की.

बाईंना राग आला. "भेळ नाही, सुमनताई. पोपटी म्हणा. एकाच मडक्यात वालाच्या शेंगा, वांगी, बटाटे, कणगं सगळं भाजतं, पण प्रत्येकाची चव आपापली राहते."

आता एवढं चांगलं तर तिथल्या प्रोफेसरांनाही सांगता आलं नसतं.

कॉलेजातली मुलं त्यांना आजी म्हणायची. पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्यातल्या निम्म्यांचं अक्षर सुधारायला घेतलं. त्यांना मार्गदर्शक म्हणून मिळालेल्या मॅडम ह्याच बाईंच्या तिसरीतल्या विद्यार्थिनी निघाल्या. बाई खोलीत शिरल्या की त्या अजून उठून उभ्या राहतात, मग कोण कोणाला मार्गदर्शन करणार ते तुम्हीच ठरवा. बाईंना कॉलेजातली एकच गोष्ट खटकली, हजेरी. तिथे दाराशी यंत्र आहे, त्यावर अंगठा ठेवायचा. बाई भिंतीशी येऊन म्हणाल्या, "आख्खा जन्म मी लोकांचा अंगठा सोडवला, आणि एम.ए.ला माझाच अंगठा घेतात. नाव कोणी विचारतच नाही."

त्यांच्या प्रबंधाचा विषय म्हणजे पेण ते रोहा ह्या पट्ट्यातल्या बायकांची माहेरची नावं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. जुनं नाव मग कुठे जातं? बाई म्हणायच्या, "त्याची नोंद व्हायला हवी." त्या नोंदीसाठी त्यांनी रोह्याच्या गाडीने एकेक स्टेशन घेतलं. आधी मागे जाऊन जिते, मग कासू, नागोठणे, असं करत रोहा. खांद्याला झोळी, झोळीत फॉर्म आणि पेन्सिलींचा खोका. माहिती देणाऱ्या प्रत्येक म्हातारीला एक पेन्सिल बक्षीस. फॉर्मात प्रश्न बरेच, पण शेवटचा प्रश्न बाईंनी स्वतः घातलेला, 'ह्या नावाने तुम्हाला आता कोण हाक मारतं?' बहुतेक म्हाताऱ्या तिथे आल्या की पदराशी चाळा करायच्या.

संक्रांतीला आमच्या आळीत हळदीकुंकू होतं. तिळगूळ वाटून झाल्यावर बाई मध्येच उभ्या राहिल्या, वही उघडली आणि माहेरच्या नावांनी हजेरी घ्यायला लागल्या. चंद्री. बायजा. ठकी. आणि मंडळी, काय सांगू, गुडघे धरून बसलेल्या त्या सगळ्या म्हाताऱ्या पहिलीतल्या पोरींसारख्या हात वर करून "हजर" म्हणत होत्या. बायजा तर म्हणाली, परत एकदा घ्या हो हजेरी.

त्या हजेरीत माझंही नाव होतं. मंजिरी.

ते खोटं होतं.

आता झालं असं की बाई माझ्याकडे फॉर्म घेऊन आल्या तेव्हा मी अंगणात बसले होते आणि समोर तुळस चांगली मंजिऱ्यांनी लगडलेली. बाईंनी विचारलं, लग्नाआधीचं नाव? खरं नाव ओठांवर आलं, पण बाहेर पडेना. तुळशीकडे बघितलं आणि म्हटलं, मंजिरी. बाईंचा चेहरा असा फुलला की मला माघार घेता आली नाही. रोह्याच्या शेतकऱ्याच्या घरात, त्या काळी, मंजिरी? त्यांनी मला एक सोडून दोन पेन्सिली दिल्या.

पुढे वर्षभर रोज सकाळी भिंतीपलीकडून "मंजिरी" अशी हाक यायची. खरं सांगते, मला ती आवडायला लागली होती. ह्यांनी पहिल्यांदा ऐकली तेव्हा चहाचा घोट नाकात गेला. मी डोळे वटारले, तर ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मग उन्हाळ्यात एके दिवशी, गुरुवार होता, बाई टाइप केलेले कागद घेऊन भिंतीशी आल्या. सोमवारी तोंडी परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार. मॅडमना एक प्रकरण इतकं आवडलं होतं की परीक्षकांपुढे तेच आधी मांडायचं ठरलं होतं. बाई मोठ्याने वाचायला लागल्या. माहितीदार क्रमांक सात, मंजिरी. रोह्याकडच्या शेतकरी घरांत तुळशीच्या पूजेचा मुलींच्या नावांवर झालेला परिणाम. सहा पानं. सहाच्या सहा माझ्या एका थापेवर उभी.

मी भिंतीवर पोह्याचे पापड वाळत घातले होते. ते उलटायचं निमित्त करून मी मान खाली घातली आणि म्हटलं, "बाई, माझं नाव मंजिरी नव्हतं. दगडी होतं."

बाई वाचायच्या थांबल्या.

मी सगळं सांगितलं. थोरल्या भावानंतर आईची तीन मुलं गेली. मग मी झाले तेव्हा बापाने ठरवलं, नाव असं ठेवायचं की न्यायला येणाऱ्याने बघून परत जावं. दगड कोण उचलून नेतो? म्हणून दगडी. आणि मी जगले. पण आळीतल्या सगळ्यांपुढे दगडी म्हणून सांगायला जीभ रेटेना.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "खोटं सांगितलंत."

"व्हय."

"पूर्ण वाक्यात."

"मी तुम्हाला खोटं सांगितलं, बाई."

शाब्बास काही आलं नाही. बाईंनी कागद सारखे केले. मला वाटलं, आता वीस वर्षांचं बोलणं संपलं. पण त्यांनी विचारलं, "आणि आता हे दगडी तरी खरं कशावरून? पुरावा?"

पुरावा कुठून आणू? मी शाळेत गेलेच नाही. लिहायला-वाचायला शिकले ते लग्नानंतर, धाकट्या दिराच्या पाटीवर. जन्माचा दाखला नाही. ह्यांनी ते नाव नुसतं ऐकलेलं, ती साक्ष बाई धरणार नाहीत. पुरावा म्हणून एकच उरलेला, माझा थोरला भाऊ, रोह्याच्या पुढच्या खेड्यात. मी कशीबशी एवढंच म्हटलं की मॅडमना तरी कुठे कळणार आहे, राहू द्या मंजिरी. त्यावर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट पापड गोळा केले.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. गाडीत बाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. रोह्याला रिक्षा केली तेव्हा एवढंच सांगितलं की साक्षीदाराला पढवायचं नाही, म्हणून मी घराच्या अलीकडेच थांबायचं. म्हणून मी माझ्याच माहेरच्या अंगणात आंब्याच्या झाडाआड उभी.

दादा ओटीवर सुपात वाल निवडत बसला होता. बाईंनी झोळीतून फॉर्म काढला, पेन उघडलं आणि विचारलं, "तुम्हाला पेणला दिलेली एक बहीण आहे ना? तिचं लग्नाआधीचं नाव काय?"

दादाने आधी फॉर्म बघितला, मग पेन, मग बाईंचा चष्मा. आमच्याकडे हल्ली रस्त्याच्या नाहीतर कारखान्याच्या जमिनीसाठी कोणी ना कोणी कागद घेऊन येतं आणि वारसांची नावं विचारतं. दादाने सूप बाजूला ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "मला बहीण नाय."

बाईंनी लिहून घेतलं.

मला झाडाआड राहवेना. मी तरातरा पुढे आले. "बहीण नाय काय? मग भाऊबीजेला कोण येतं, शेजारीण?"

दादा बघतच राहिला. मग कपाळावर हात मारला. "अगो दगडे, तू हाईस व्हय. मंग आधी पुढं याचं ना. मला वाटली जमिनीवाली बाई. आता हिला काय सांगू, सातबाऱ्यावर तुझं नाव हाय का नाय?"

बाईंनी आधीची ओळ खोडली आणि तिच्याखाली लिहिलं. मी डोकावून पाहिलं. 'पुरावा मिळाला.'

मग तास-दोन तास आम्ही तिथेच. दगडे, बाईंना पाणी दे. दगडे, त्या मडक्यातलं ताक काढ. दगडे, तुझे गुडघे कसे हायत गो. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, दात नाहीत, पण माझं नाव घेताना त्याचं तोंड भरून जायचं. बाई सुरुवातीला प्रत्येक वेळी वहीत एक रेघ मारत होत्या. मग मला दिसलं की रेघा थांबल्यात. पेन हातात तसंच, आणि बाई नुसत्या ऐकत बसल्यात.

निघताना दादाने मला आणि बाईंना शेर-शेरभर वाल बांधून दिले. "जमिनीवाली असतीस तर नसते दिले," बाईंना म्हणाला.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. राग गेला होता. बाई म्हणाल्या की सहा पानं काढून टाकायची, आणि त्या जागी एक पान घालायचं, 'संशोधकाची चूक'. मी म्हटलं, चूक माझी. त्या म्हणाल्या, "पुरावा न विचारता दोन पेन्सिली मी दिल्या."

मला एकदम आठवलं, हजेरीत बाईंचं स्वतःचं नाव नव्हतंच. मी विचारलं, "बाई, तुमचा फॉर्म कुठाय?"

म्हणे संशोधकाचा फॉर्म नसतो. मी त्यांच्या झोळीतून एक कोरा फॉर्म काढला, त्यांच्याच खोक्यातली पेन्सिल घेतली आणि माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात सुरू केलं. नाव? कुमुदिनी. घरी काय म्हणायचे? कुमू. लग्नानंतरचं नाव? लागू नाही. हे सगळं बाई घडाघडा सांगत गेल्या, परीक्षा दिल्यासारखं. मग मी शेवटचा प्रश्न वाचला. ह्या नावाने तुम्हाला आता कोण हाक मारतं?

"आई होती तोवर..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

मी सवयीने बोलून गेले, "पूर्ण वाक्यात सांगा, बाई."

बोलले आणि जीभ चावली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. कासू स्टेशन आलं, दोन माणसं उतरली, गाडी सुटली. तेव्हा त्या म्हणाल्या, अगदी वर्गात सांगतात तशा स्वच्छ आवाजात, "ह्या नावाने आता मला कोणीही हाक मारत नाही."

मी लिहून घेतलं. शाब्बास म्हणायला मला जमलं नाही.

सोमवारी परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्या 'संशोधकाची चूक' ह्या पानावरच विचारले. बाईंनी दगडीची गोष्ट सांगितली, बापाने नाव कसं ठेवलं, भावाने बहीण कशी नाकारली. मॅडम मला नंतर म्हणाल्या की परीक्षक हसत होते आणि चष्मेही पुसत होते. बाई एम.ए. झाल्या. पेढ्यांचा पुडा भिंतीवर ठेवून त्यांनी मला हाक मारली, "दगडे." आळीत आठ-दहा घरांना ऐकू गेली असेल. मला काही वाटलं नाही. उलट मान जरा ताठच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाच्या वालांचं बिरडं केलं. वाटी भरली आणि भिंतीशी गेले. पलीकडे बाईंच्या स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता. वीस-बावीस वर्षं जी 'अहो बाई' अशी हाक मारत आले ती तोंडाशी आली, ती मी गिळली.

"कुमू गो," मी हाक मारली. "ये, वाटी घेऊन जा."

आतली भांडी वाजायची थांबली. मी वाटी धरून उभी, बिरड्याची वाफ तोंडावर येत होती.

मग आतून, दाराच्या मागून, बारीक आवाज आला.

"हजर."