अनुत्तरित कागदपत्रांचा विभाग

दिलेल्या उत्तराचे आयुष्य फार तर आठवडाभराचे असते. न दिलेले उत्तर मात्र वर्षानुवर्षे उत्तम स्थितीत टिकते. त्याला वाळवी लागत नाही, त्याची शाई फिकी पडत नाही आणि ते ठेवायला कपाटही लागत नाही. प्रस्तावनाकाकांना त्यांच्या ताईने एकतीस वर्षांपूर्वी एक पत्र पाठवले होते. त्याचे उत्तर आजही तितकेच ताजे, न दिलेले होते.

काकांना घरात हे नाव उगीच पडले नव्हते. शहरातल्या मोठ्या घड्याळाचा मनोरा बांधणाऱ्या कारागिराचे चरित्र त्यांनी ऐन तारुण्यात लिहायला घेतले आणि चाळीस वर्षांत त्याची प्रस्तावना चौदा वेळा पूर्ण केली. (चरित्र सुरू व्हायचे होते.) सहावी प्रस्तावना त्यांनी ताईला वाचायला पाठवली. ताईने उलट टपाली कळवले : ‘वाचली. मला फार कंटाळा आला. रागावलास का? नसशील रागावला तर एक ओळ टाक.’

काका मुळीच रागावले नव्हते. पण एकच ओळ टाकायची तर ती नीट साधली पाहिजे, म्हणून ते कच्चा मसुदा करायला बसले आणि एकतीस वर्षे कशी गेली ते त्यांना कळलेच नाही. लग्नकार्यात बहीणभाऊ भेटत. ताई विचारी, “पाणी देऊ?” काका म्हणत, “दे.” यापुढे विषय सरकला नाही.

सत्तरी ओलांडल्यावर काकांनी आपले सर्व कागद ‘खासगी कागदपत्रे व चरित्रसाधने जतन संस्थे’ला देऊन टाकले. ही संस्था म्हणजे कार्यक्षमतेचा आदर्श होय. तिथे माणसाचे अख्खे आयुष्य तेवीस खोक्यांत बसवून देतात, आणि ज्याचे बसत नाही त्याला तसे नम्रपणे कळवतात. काकांच्या कागदांची छाननी तीन महिने चालली. कारागिराविषयीची बावीस खोकी टिपणे ‘अन्यत्र उपलब्ध’ असा शेरा मारून परत आली. (अन्यत्र म्हणजे कुठे, ते शेऱ्यात नव्हते. काका चाळीस वर्षे तेच शोधत होते.) चौदाही प्रस्तावना संस्थेने ठेवून घेतल्या, कारण खोक्यांतल्या रिकाम्या जागा भरायला जाड कागद लागतो. जतन करण्याजोगी म्हणून एकच वस्तू निवडली गेली : ताईचे पत्र.

ते अनुत्तरित कागदपत्रांच्या विभागात दाखल झाले. संस्थेची खरी शान हाच विभाग. त्यात एकूण एक हजार एकशे चाळीस पत्रे आहेत : प्रेमाची चारशे बारा, नोकरी मागणारी दोनशे नऊ, ‘कसा आहेस?’ एवढेच विचारणारी पाचशे अठरा, आणि एक, अक्षर न लागल्यामुळे, संकीर्ण. विभागप्रमुख बाई पाहुण्यांना अभिमानाने सांगत, “आमच्याकडच्या एकाही पत्राला उत्तर गेलेलं नाही. इतकी शिस्त दुसऱ्या कुठल्या खात्यात आहे, दाखवा!”

लवकरच एका संशोधकाने काकांच्या मौनावर तीनशे अठ्ठ्याऐंशी पानांचा प्रबंध लिहिला. पत्रव्यवहारातल्या दोघांपैकी एक तरी निवर्तल्याशिवाय पत्र उघडायचे नाही, असा नियम असल्यामुळे त्याने तो नुसत्या पाकिटावरून लिहिला. पाकीट उजव्या बाजूने जोरात फाडलेले आहे. सबब पत्र मिळणाऱ्याला तीव्र राग आला होता, हा त्याचा निष्कर्ष. (काकांनी ते दारातच, चप्पल काढायच्या आधी, ताई काय म्हणते या उत्सुकतेने फाडले होते.) काका धीर एकवटून त्याला भेटायला गेले.

“मी रागावलो नव्हतो हो,” ते म्हणाले.

“काका, हे तुम्हाला कळणं जरा अवघड आहे,” संशोधक समजुतीने म्हणाला. “तुम्ही फार जवळून बघताय.”

काका स्वभावाने असे, की आपल्याविषयी कोणी ठामपणे काही बोलले की त्यांना ते खरेच वाटू लागे. घरी येऊन त्यांनी दोन दिवस आपण रागावलो होतो का, हे आठवून पाहिले. नव्हतो, अशी खात्री झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

“अरे प्रस्तावने, मला आमंत्रण आलंय! शनिवारी तुझ्या रागाचं प्रदर्शन आहे म्हणे. मी प्रमुख पाहुणी. माझं पत्र काचेत ठेवणार आणि खाली पाटी : ‘भावाचा तीव्र रोष, निश्चित.’ साडी कुठली नेसू?”

“ताई, तसं काही...”

“थांब. तोंडी काही सांगू नकोस. तोंडी तू सगळ्यांनाच बरं वाटेल असं बोलतोस. एकतीस वर्षं मी लेखी उत्तराची वाट बघतेय. शनिवारपर्यंत आलं तर आलं. नाहीतर मी ती पाटी वाचीन आणि समजेन काय समजायचं ते. एक्क्याऐंशी झाली मला, अजून किती वेळ अंदाज करत बसू?”

फोन ठेवताना तिचा आवाज किंचित कापला. काकांनी आजवर पुष्कळ कागद चाळले होते, पण आवाजाची नोंद कुठल्या खोक्यात करतात हे त्यांना ठाऊक नव्हते.

ते तडक संस्थेत गेले. पत्राची शेवटची ओळ एकदा डोळ्यांनी पाहावी, म्हणजे उत्तर तिला धरून लिहिता येईल, असा त्यांचा विचार. बाईंनी त्यांना हातमोजे दिले, पेन काढून घेऊन पेन्सिल दिली, ओळखपत्र पाहिले आणि विचारले, “तुम्हा दोघांपैकी कोणी गेलंय का?”

“नाही.”

“मग नाही दाखवता येणार.”

“पण ते पत्र मलाच आलंय!”

“म्हणूनच तर. ज्याचं त्यालाच दाखवत सुटलो तर गोपनीयता कशाला म्हणायचं?” (शनिवारी ते सगळ्या शहराला दिसणार होते, पण प्रदर्शन हे वाचणे नसून पाहणे असल्याने त्याला हा नियम लागत नाही.)

“बरं, पाटी तरी बदलता का?” काका पुटपुटले. “मी उत्तर पाठवतोय.”

बाईंच्या हातातला शिक्का तसाच राहिला. “असलं काही करू नका हो! उत्तर गेलेलं पत्र आम्ही ठेवत नाही. चारचौघांसारखं होऊन जातं ते. नियम सात वाचलात ना? ‘दात्याने संग्रहाचे महत्त्व कमी होईल असे वर्तन करू नये.’ एकतीस वर्षं थांबलात, आणखी आठ दिवसांनी काय बिघडतंय?”

युक्तिवाद बिनतोड होता. काकांना तो ओळखीचाही वाटला. दर आठवड्याला ते स्वतःशी हाच करत आले होते. ते हातमोजे घालूनच बाहेर पडले.

घरी त्यांनी लिहायला घेतले. पहिल्या चार पानांत पत्रलेखनाचा इतिहास आला. ती फाडली. पुढच्या दोन पानांत उशिराच्या कारणांची वर्गवारी आली, तीही फाडली. मग त्यांनी कोरे कार्ड घेतले आणि विचार करायला वेळ मिळू नये म्हणून उभ्यानेच लिहिले : ‘ताई, रागावलो नव्हतो. मलाही कंटाळा आला होता. शनिवारी निळी नेस.’ ही एकाच्या जागी तीन वाक्ये झाली होती आणि सुधारायला भरपूर वाव होता. तरी काका धावतच कोपऱ्यावर गेले आणि त्यांनी कार्ड टपालपेटीत टाकले. टाकल्यावर त्यांना इतके हलके वाटले की पेटीला त्यांनी नमस्कारच केला.

शुक्रवारी कार्ड पोचले, प्रदर्शन रद्द झाले आणि विभागातले एक खोके रिकामे पडले. संस्थेला रिकामे खोके चालत नाही. म्हणून वाचकहो, ते आता आपल्या नावे राखून ठेवण्यात आले आहे. पत्र कोणाचे, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. मघापासून आपल्याला ते आठवतेच आहे. खोके नको असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावे. (आजवर कोणीही कळवलेले नाही.)