एकशेसत्तर ग्रेनची गोळी

"कुठलीही चालेल" एवढंच शिरीष वर्तक म्हणाला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

न्यूझीलंडला स्थायिक झालेल्या दिलीपने, म्हणजे त्याच्या कॉलेजमधल्या मित्राने, फोनवर साधी चौकशी केली होती. "सुट्टीत येतोयस ना? शेजारच्या ग्रॅहॅमच्या फार्मवर हरणांच्या शिकारीला जाऊ. त्याच्याकडे बंदुकांचं कपाट भरलंय. तुझ्यासाठी कुठली काढून ठेवू?"

आता शिरीषचा बंदुकीशी आलेला संबंध म्हणजे दिवाळीतल्या टिकल्या. तोही कानात बोटं घालून, दुसऱ्याने उडवताना. पण गेली अकरा वर्षं तो ॲलेक्झांड्रा नावाच्या भागातल्या एका विमा कंपनीत 'रिस्क'मध्ये होता, आणि त्या खात्यातल्या माणसाला मत नसणं हा कमीपणा समजला जातो.

"लिव्हर-ॲक्शनच," तो गंभीरपणे म्हणाला. "आणि कॅलिबर पारंपरिक हवं."

हे दोन्ही शब्द त्याने आदल्या दिवशी एका व्हिडिओत ऐकले होते; पहिला म्हणजे खालची दांडी ओढून भरायची बंदूक, दुसरा म्हणजे गोळीची जाडी. दिलीप इतका दबला की म्हणाला, "बरं बाबा, नक्की काय ते तूच ठरवून कळव."

झालं. सेंगकांग उपनगरातल्या बाराव्या मजल्यावरच्या घरात, ज्या देशात खिशात चुकून काडतूस सापडलं तर वकील शोधावा लागतो त्या देशात बसून, शिरीष रायफल निवडू लागला. थर्टी-थर्टी कॅलिबरची की फोर्टीफाइव्ह-सेव्हंटी? पहिली हलकी, दुसरीचा धक्का असा की माणूस शेजारच्या ब्लॉकमध्ये जाऊन बसावा. त्याने एक्सेल शीट केली. वजन, धक्का, टप्पा, 'भावनिक मूल्य' (हा रकाना त्याने पिवळा रंगवला). पुढे पुढे हातालाही सवय लागली. लिव्हर खाली, लिव्हर वर. एलआरटी ट्रेनमध्ये, लिफ्टमध्ये, जेवताना आमटीचा डाव हातात असताना. जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर आमटीचे शिंतोडे अजून आहेत.

हे सगळं अर्थात गुपचूप चाललं होतं. बायकोला, मैत्रेयीला, त्याने "दिलीपकडे निसर्गात चार दिवस" एवढंच सांगितलं होतं. शिवाय पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज सरकारदरबारी पडलेला. त्यामुळे 'बंदूक' किंवा 'रायफल' हे शब्द त्याने तोंडातून पूर्ण हद्दपार केले. फोनवर बोलताना फक्त 'ती' आणि 'गोळी'.

आणि इथेच घोळ झाला. कारण त्याच महिन्यात मैत्रेयीचे वडील, चंद्रशेखर अण्णा, नाशिकहून राहायला आले होते. अण्णांनी चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं होतं. गोळीचा दुसरा काही अर्थ असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एका सकाळी ते कपडे वाळत घालायला गेले, तर खिडकीशी जावईबापू फोनवर कुजबुजत होते.

"हो रे, जुनीच बरी. शंभर वर्षं चालतेय, उगाच का? ... गोळी एकशेसत्तर ग्रेनची. ... नाही, त्याहून मोठी नको, धक्का थेट खांद्यात जातो म्हणे. या वयात झेपायला हवा. ... आत गेली की पसरते, मग काय, जागेवर आडवा! ... मैत्रेयीला? वेडा आहेस का? तिला काहीच माहीत नाही."

अण्णांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ग्रेन! जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्यांनी ग्रेनमध्येच वाचल्या होत्या. मनातल्या मनात त्यांनी हिशेब केला आणि लेकीला फोन लावला. अकरा ग्रॅमची गोळी! एवढी तर म्हशीला देतात.

संध्याकाळी शिरीष ऑफिसमधून आला तेव्हा त्याची चप्पल कोणीतरी आधीच पायाशी आणून ठेवली होती. टेबलावर बिनमिठाची दुधी भोपळ्याची भाजी. जवळच्या सेरंगूनहून ओळखीतल्या मीनल वहिनी पेज घेऊन आल्या होत्या आणि त्याच्याकडे बघून उगाचच डोळे टिपत होत्या. शाळेतून आलेल्या लेकीने, गार्गीने, तिथल्या बोलीतल्या इंग्रजीत थेट विचारलं, "बाबा, यू डाइंग इज इट? आजोबा सेड यू सिक लाह."

"बस शिरीष," मैत्रेयी म्हणाली. आवाज इतका मऊ होता की शिरीष घाबरला. सापडलो, त्याला वाटलं.

"शिरीषराव," अण्णांनी सुरुवात केली, "आम्हाला सगळं कळलंय. कधीपासून चालू आहे हे?"

"तीन आठवडे," शिरीष खाली मान घालून म्हणाला.

"गोळी कोणी सुचवली?"

"विषय दिलीपने काढला. पण निवडली मीच. व्हिडिओ बघून."

"व्हिडिओ बघून!" अण्णांनी छातीला हात लावला. "दिलीप काय डॉक्टर आहे?"

"नाही, दुधाच्या कंपनीत आहे."

"कधी घेणार आहात?"

"सतरा तारखेला. पहाटेच."

"उपाशीपोटी?"

शिरीष गोंधळला. "तसा नियम नाहीये. झुडपात पडून राहायचं, आणि समोर आला की..."

"कोण समोर आला की?"

"हरीण."

मीनल वहिनींनी पेजेचं झाकण हळूच परत लावलं.

मग सगळं बाहेर आलं. एक्सेल शीटसकट. अण्णांना जावई धडधाकट असल्याचा आनंद झाला, पण तो त्यांनी रागातच दाखवला. मैत्रेयी मात्र 'भावनिक मूल्य' वाचून हसत सुटली. "स्वयंपाकघरात झुरळ दिसलं की हा गार्गीला हाक मारतो," ती मीनल वहिनींना म्हणाली, "आणि म्हणे शिकार!" शेवटी तिने परवानगी दिली. अट एकच, हरणाला हात लावायचा नाही. नेम धरायचाच तर रिकाम्या डब्यांवर. शिरीषने अट पटकन मान्य केली. (हरणाचे डोळे आठवून त्यालाही दोन रात्री झोप नव्हती, पण ते त्याने शीटमध्ये लिहिलं नव्हतं.)

सतरा तारखेला ग्रॅहॅमने कपाट उघडलं आणि थर्टी-थर्टी काढली. अक्रोडाचा दस्ता, काळी चमकदार लिव्हर, अगदी मनात होती तशी. दस्ता तेवढा जरा आखूड वाटला.

"उत्तम निवड," ग्रॅहॅम म्हणाला. "आईची आहे. तिच्या मापाने कापून घेतली होती."

आई तिथेच खुर्चीत विणत बसली होती. वय वर्षं एक्क्याऐंशी. शिरीषने कुंपणावरच्या सहा डब्यांवर सहा गोळ्या झाडल्या. डबे जागचे हलले नाहीत. दूरवरच्या गाई मात्र उठून निघून गेल्या. म्हातारीने सुया बाजूला ठेवल्या, बंदूक मागून घेतली, भरली, आणि सहा वेळा लिव्हर ओढून सहाच्या सहा डबे पाडले.

"तू दमला असशील," ती मायेने म्हणाली. "आता मी पाडते, तू उचलून ठेव."

चार दिवसांत शिरीषने एकशे चार डबे उचलून ठेवले. ऑफिसात सांगताना तो "आम्ही एकशे चार डबे पाडले" असं म्हणतो. 'आम्ही' म्हणजे कोण, हे अजून कोणी विचारलेलं नाही.