पीठ देतं, का गाऊ?

महिन्यातून एका शनिवारी, दुपार कलली की आमच्या गल्लीतल्या बायका लगबगीनं पीठ काढून उंबऱ्यावर आणून ठेवत. भक्तीनं नव्हे. शांतवनबाबानं गाऊ नये म्हणून.

इतका वाईट आवाज मी जन्मात दुसरा ऐकला नाही. तेल न घातलेला रहाट बरा. गीत कोणतंही असो, चाल एकच, आणि तीही त्याची स्वतःची. दारात उभा राहायचा, डब्यावर झाकण वाजवायचा आणि विचारायचा, "पीठ देतं, का गाऊ?" आतून उत्तर यायला उशीर झाला की कडवं सुरू. ते संपायच्या आत पीठ बाहेर येई. गल्लीतली कुत्री तोवर नाल्यापलीकडे गेलेली असत.

आमचं गाव मारेगावच्या अलीकडे. मिशनचा एक दवाखाना, प्रभूच्या प्रार्थनेचं कौलारू छोटं देऊळ आणि त्याच्यामागे आम्हा ख्रिस्ती लोकांची एक गल्ली, एवढाच आमचा पसारा. शांतवनबाबा दवाखान्याचा चौकीदार. दवाखाना चालवणारी मिससाहेब तिच्या देशी परत गेली, दवाखान्याला कुलूप लागलं, तरी तो चौकीदारच राहिला. आत राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, "बाबा, काय राखून राह्यले तुम्ही? पाली?" तो म्हणाला, "कुलूप राखतो व. तेबी कोनी नेलं तं?"

मिससाहेब जाताना आपला जुना कोट त्याला देऊन गेली. हिरवा, बायकी, मोठमोठ्या गुंड्यांचा. तो त्यानं अंगातून काढलाच नाही. वैशाखात आमच्याकडे चिमण्या झाडावरून पडतात, तेव्हाही कोट अंगात. पोरं हसत. तो म्हणे, "हासा. थंडी आल्यावर पाहीन कोन हासते तं." कोटाच्या एका खिशात पिठाची चाळणी असे. तिच्यामुळे खिसा ढोलीसारखा फुगलेला.

आता पिठाचं सांगते.

मिससाहेब होती तोवर प्रभुभोजनाचा, म्हणजे देवळात सगळ्यांनी वाटून खायचा पाव तिच्या बंगल्यात भाजला जाई. ती गेल्यावर पाळक, म्हणजे आमचे पाद्री, यवतमाळहून पाव आणू लागले. ते महिन्यातून एका रविवारी मोटारीनं येत. एका उन्हाळ्यात मोटार वाटेत बिघडली, पाळक दुसऱ्या दिवशी पोचले, आणि पिशवीतून पाव निघाला तो हिरवा. बाबाच्या कोटासारखा. मंडळीचे मुख्य वडील, म्हणजे पंचांतले पहिले, सामुएल मास्तर. फार कडक माणूस. ते उभे राहून म्हणाले, "या महिन्यात प्रभुभोजन होणार नाही."

शांतवनबाबा मागून उठला. "काहून नाई? शास्त्रात भाकर लिवली हाये. राहेलबाई चांगली भाकर थापते."

राहेलबाई म्हणजे मी. मला कोणी विचारलं नव्हतं.

"आणि पीठ?" मास्तरांनी विचारलं.

"पीठ समद्यायच्या घरचं. घरटी एक मूठ. एक घर सुटलं तरी भाकर होनार नाई."

पाळक हसले आणि हो म्हणाले. त्यांना वाटलं, म्हातारा एकदा-दोनदा फिरेल आणि थकेल.

तो थकला नाही. दर घरी उंबऱ्यावर बसून पीठ चाळायचा, सगळ्यांदेखत. अळी निघाली की चिमटीत धरून उन्हात पाहायचा. "काय व मार्था, हे पीठ होय का शिकार? प्रभूची भाकर करायची हाये, मटन नाई." मार्था लाजेनं लाल व्हायची आणि दुसरं पीठ आणायची. मग बाबा बाही वर सारून कोपरापर्यंत हात डब्यात घालायचा आणि सगळं पीठ घुसळायचा. हात बाहेर काढून म्हणायचा, "झालं. आता सांग, यातलं तुहं कोनतं?"

या घुसळण्याची गरज होती. प्रभूच्या घरी आलो, जुन्या जाती गेल्या, असं आम्ही सगळे म्हणत असू. पण सोयरिकीची गोष्ट निघाली की त्या मागच्या दारानं परत येत. कोण कोणाच्या घरचं पाणी पीत नाही हे पाळकांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मिशनचा हात होता तोवर झाकून गेलं. मिशन गेल्यावर गल्लीतली माणसं एकमेकांकडे तोंड फिरवू लागली. कोणी नागपूरला गेलं, कोणी देवळात यायचंच सोडलं.

सगुणा आणि मार्था या सख्ख्या जावा. कोंबडीवरून भांडल्या. कोंबडी मेली, भांडण जगलं. सगुणानं सांगितलं, "माझं पीठ तिच्या पिठात पडनार नाई." शांतवनबाबा तिच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसला. "भांड ना बापा. मी भांडू नको म्हनतो का? भांड, पन पीठ दे." ती दार लावून आत बसली. त्यानं गायला सुरुवात केली. तिच्या नवऱ्याला रात्रपाळी होती, तो झोपला होता. तो उठला आणि बायकोला न विचारता अख्खं मडकंच बाहेर आणून ठेवलं. "घ्या बाबा, समदं घ्या, पन थांबा." बाबानं एक मूठ घेतली, मडकं परत केलं. त्या रविवारी दोघी जावांनी एकाच भाकरीचे तुकडे खाल्ले. बोलल्या नाहीत. पण खाल्ले.

भाकर थापणं मात्र माझ्या जिवावर येई. जात्याचं जाडंभरडं पीठ, कोणाचं ज्वारीचं, कोणाचं गव्हाचं, कोणाचं शिळं. शिळ्या पिठाची भाकर थापतानाच चिरते. एकच गोष्ट मला बरी वाटे. डब्याच्या बुडाशी, इतकं घुसळूनही, पांढरं, बारीक, चक्कीवरचं ताजं पीठ चिकटलेलं असे. ते नसतं तर भाकर परातीतून उचलता आली नसती. बाबा पहिल्या दारात यायचा तेव्हाच ते डब्यात असायचं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "माही मूठ आधीच पडली."

मला ते खरं वाटत नसे. बाबाच्या खोलीत चूल पेटताना कोणी पाहिली नव्हती. तो चहा आणि मुरमुऱ्यांवर जगायचा, आणि जेवायला त्या घरी जायचा ज्या घरी भांडण असेल. त्यामुळे उपाशी कधी राहिला नाही.

आता मनोहरचं सांगायला हवं.

मनोहर बाबाचा एकुलता एक पोरगा. आई लहानपणीच गेलेली. बाबानं त्याला दवाखान्याच्या ओट्यावर वाढवला. पोरगा हुशार, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. छप्पन साली, भाकर सुरू व्हायच्या आधी, नाल्यापलीकडची वस्ती बौद्ध झाली, तेव्हा मनोहरही त्यांच्यात गेला. आधी पंचांपुढे येऊन उभा राहिला, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "तुमचा देव वाईट नाई. पन गावात पान्याले गेलो तं मले कोनी ख्रिस्ती म्हनलं नाई. जुनीच जात म्हनली. तिकडे माहे समदे लोक एका दिवशी उभे राह्यले. मीबी उभा राह्यलो."

सामुएल मास्तर म्हणाले, "याचं नाव मंडळीतून खोडायचं. ज्याचं नाव खोडलं, त्याला प्रभुभोजनात भाग नाही. हात वर करा."

शांतवनबाबाचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. मी पायरीवर बसून पाहिलं. मनोहरनंही पाहिलं. तो वळला आणि नाल्यापलीकडे राहायला गेला. बाप-लेक बोलेनासे झाले. बाबापुढे मनोहरचं नाव कोणी काढलं की तो गायला लागायचा. म्हणून कोणी काढत नसे.

काही वर्षं अशीच गेली. मग एका पावसाळ्याच्या शेवटी बाबाला ताप आला आणि तो उतरेना. पिठाचा शनिवार आला. मी त्याच्या खोलीवर गेले. सामुएल मास्तर प्रार्थनेला येऊन बसले होते. बाबा खाटेवर, अंगावर तोच कोट, आता पांघरूण म्हणून.

"बाबा, डबा द्या," मी म्हटलं. "आज मी फिरतो. पयले तुमची मूठ कुठी हाये ते सांगा."

त्यानं कोट हनुवटीपर्यंत ओढला. मी खोलीभर पाहिलं. जातं नाही, मडकं नाही, सूप नाही. चहाचं भगुणं आणि मुरमुऱ्यांची पिशवी.

तेवढ्यात दारात सावली पडली. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, हातात पितळी वाटी, वाटीत पीठ. मनोहरची बायको पंचफुला. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"मामाजी आले नाई," ती सासऱ्याबद्दल म्हणाली, "म्हून मीच आनलं."

मी वाटीत बोट घातलं. पांढरं, बारीक, चक्कीवरचं. बुडाचं पीठ.

"कवापासून देऊन राह्यली व तू?"

"भाकर सुरू झाली तवापासून. मामाजी पयले आमच्याच घरी येतेत."

"अन् मनोहरले ठाऊक हाये?"

"दळन तेच आनतेत चक्कीवरून. शनिवारच्या आधी. बुढ्याले शिळं पीठ चालत नाई म्हनतेत."

"मंग ते दोघं बोलतेत?"

"नाई. मामाजी डबा उघडतेत अन् भिंतीकडे पाहतेत. हे दुसऱ्या भिंतीकडे पाहतेत. मी पीठ टाकतो."

मी मास्तरांकडे पाहिलं. खोडलेल्या नावाच्या घरचं पीठ त्यांनी दर महिन्याला डोळे मिटून खाल्लं होतं. सगळ्या मंडळीनं खाल्लं होतं. ते वाटीकडे पाहत बसले. आता ते नाही म्हणाले असते, तर बाबाचं सगळं फिरणं तिथंच संपलं असतं, आणि नाही म्हणायला ते कचरणारे नव्हते. पंचफुला वाटी घेऊन तशीच उभी.

खाटेवरून आवाज आला. आवाज कसला, नुसता श्वास.

"मास्तर, घेता, का गाऊ?"

मास्तर हसले नाहीत. उठले, कोपऱ्यातला डबा उचलला, झाकण काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिनं वाटी उपडी केली. बाबानं भिंतीकडे तोंड केलं.

मग मी गल्लीत फिरले. त्या दिवशी सगळ्यांनी ताबडतोब पीठ दिलं. सगुणा मूठ भरून दारात उभी होती. "बाबा नाई आला?" तिनं विचारलं. मूठ डब्यात टाकल्यावरही ती रस्त्याकडे पाहत उभी राहिली.

पुढची भाकर बाबानं पाहिली नाही. मातीला नाल्यापलीकडचे लोकही आले. मनोहरनं खांदा दिला, माती टाकली, कोणाशी बोलला नाही. हिरवा कोट मी बाबाच्या अंगावरच राहू दिला. मास्तरांनी मनोहरचं नाव परत लिहिलं नाही आणि मनोहरला ते लिहून हवंही नव्हतं. उगाच गोड सांगण्यात अर्थ नाही.

डबा माझ्याकडे आला. माझा आवाज बरा आहे, त्यामुळे धमकी चालत नाही. गल्लीतल्या दारांना एकेक करून कुलपं लागली. ती राखायला आता चौकीदारही नाही. पण मी सुरुवात नाल्यापलीकडूनच करते.

एकदा गेले तर पंचफुला माहेरी गेलेली. मनोहर एकटाच घरात. मी डब्यावर झाकण वाजवलं. तो उठला, आत गेला, वाटी न घेता मुठीतच पीठ घेऊन आला आणि डब्यात सोडलं. मी झाकण लावणार, तर तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "समद्यायच्या दारात गात होता म्हने. आमच्या दारात बाबा कवाच गायला नाई."

"बाबा कसा गाईन?" मी म्हटलं. "तू पिठाले कवा उशीरच केला नाई."

तो तसाच उभा राहिला. हाताचं पीठ त्यानं झटकलं नव्हतं.