माझ्या सखोल विचाराचे स्वयंचलन

पाण्याची बिलं आणि नळांच्या झडपा सांभाळणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. त्यातली प्रत्येक दुरुस्ती ग्राहकांपर्यंत जाण्याआधी विभागप्रमुख या नात्याने माझ्या मंजुरीला येते. मी ती वाचत नाही, पण लगेच मंजूरही करत नाही. लगेच मंजूर केली की माणूस रिकामा बसलाय असं लोकांना वाटतं.

एकदा वरून आदेश आला, की यापुढे दुरुस्त्या आपोआप पोहोचाव्यात आणि त्याकरिता सर्वांनी डेव्हऑप्स, म्हणजे कोड लिहिल्यापासून ग्राहकापर्यंतची कामं यंत्रावर सोपवण्याची पद्धत, स्वतः करून शिकावी. प्रशिक्षिका आली ती थेट मुद्द्यावर. भाषण नाही, प्रत्येकाने आपलं रोजचं काम यंत्राला शिकवायचं. कोड तपासण्याचं काम करणाऱ्या आमच्या चाचणीवाल्या बाईंनी ते यंत्राला शिकवलं. सर्व्हरवर चढवणाऱ्याने चढवणं शिकवलं. आता दुरुस्ती सुसाट धावत यायची आणि माझ्या टेबलापाशी येऊन बसायची.

मंजुरी देताना मी नेमकं काय करतो, असं प्रशिक्षिकेने विचारलं. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही; सखोल विचार करतो, असं मी सांगितलं. मग तोच यंत्राला शिकवा, म्हणाली. यंत्राने क्षणात मंजुरी दिली तर माझी खुर्ची गेलीच म्हणून समजा. म्हणून ती पायरी मी स्वतः लिहिली. दुरुस्ती आली की आठवडाभर थांबावं, मग 'पुन्हा तपासा' असा शेरा मारून परत पाठवावी, आणि दुसऱ्यांदा आली की आणखी आठवड्याने मंजूर करावी. कोणी घाई केली तर पहिल्यापासून सुरू. वरच्यांनी पाठ थोपटली आणि बढती दिली.

पुढे या सखोल विचारातून पार पडलेल्या एका दुरुस्तीने बिल भरलेल्यांचेच नळ बंद करायला सुरुवात केली. आमचाही केला. घरी आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं अंग पुसायला बायको शेजारून बादल्या आणत होती. माझा जीव तुटला. मी तडक ऑफिस गाठलं.

"चूक सकाळीच सुधारलीय, साहेब," चाचणीवाल्या बाई म्हणाल्या. "पण ती दुरुस्ती मंजुरीत अडकलीय."

"मी सांगतोय ना, आत्ता सोडा."

"तुमच्याकडेच आहे ती. तुमचा सखोल विचार चाललाय."

"मग तो विचार बंद करा."

"ते करायचं तर तो बदलही मंजुरीला तुमच्याकडेच येणार."

मी चिडून मंजुरीचं बटण दाबलं. यंत्राने त्याला घाई मानलं आणि विचार पहिल्यापासून सुरू झाला. इतक्या वर्षांत प्रथमच मला त्या विभागप्रमुखाचा मनापासून राग आला.

दरम्यान तक्रारींचा पाऊस पडत होता. त्याचीही सोय आम्ही प्रशिक्षणाच्या वर्गातच केली होती. 'आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, विचार चालू आहे' असं उत्तर आपोआप जायचं आणि खाली आमच्या सेवेला गुण देण्याची विनंती असायची. आठवड्याअखेर वरच्यांनी ग्राहकांच्या समाधानाचे आकडे मागवले. नळ कोरडे असतानाही ते वाढलेले निघाले. तुम्ही मला हसण्याचं काही कारण नाही. उत्तर न वाचता पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळे झालात, ते तुम्हीच.