फोन न करता यावे

देवधरकाकांच्या घरी बिअर गोधडी पांघरून झोपते. खरीखुरी गोधडी, काकूंच्या आईनं शिवलेली. गारठ्यात बिअर नीट आंबत नाही, म्हणून पिंप थेट बेडरूममध्ये. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा काका ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोल, बाळंतीण झोपलीय."

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये आमचं घर त्यांच्या घराला लागून आहे. काका नोकरी करतात सॉफ्टवेअरची, पण जीव सगळा आंबवण्यात. पलीकडच्या डच आजीबाईंच्या झाडाखालची सफरचंदं वेचून आणतात आणि त्यांच्या दारूच्या, म्हणजे सायडरच्या बरणीला लोणच्यासारखा दादरा बांधतात. एकदा सायडरची बाटली फुटून छतापर्यंत उडाली. काकू ओरडल्या, तर हे खूश! "जोम बघ पोरीचा!"

यंदा त्यांनी मागच्या अंगणातल्या सायकलींच्या खोलीत बार बांधला. सायकली बिचाऱ्या पावसात. काउंटर स्वतः रंधा मारून गुळगुळीत केला, त्याला नळ बसवला, जुन्या बाजारातून स्टुलं आणली. ती डच उंचीची, त्यामुळे वर चढलं की काकांचे पाय लोंबकळतात. दारावर मराठीत पाटी : 'फोन करून येणाऱ्यास बिअर मिळणार नाही.'

कारण इथली रीत काकांना मुळीच पटत नाही. कुणाकडे कॉफीला जायचं तरी आधी डायऱ्या उघडायच्या. "आणि आपलीही माणसं तशीच झाली रे! अवचित यावं, ओरडावं, बसावं. घर आपलंच आहे!"

उद्घाटनाच्या शनिवारी काका झब्बा घालून दुपारपासून काउंटरमागे उभे. चकल्या तयार, ग्लास चकचकीत. एक माणूस आला नाही. येणार कसा? बोलावलं तर नियम मोडेल, म्हणून काकांनी कुणाला सांगितलंच नव्हतं! संध्याकाळी काकूंनी हे मला कुंपणावरून सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. मग काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अजून उभेच आहेत रे."

मला एकदम वाईट वाटलं. सवयीनं मोबाइल काढून 'येऊ का?' लिहिलं आणि तसंच पुसून टाकलं. मागच्या फाटकातून शिरत ओरडलो, "काका, आहात का?"

"फोन न करता आलास?" काकांचा आवाज चिरकला. मी "अर्धाच" म्हणेपर्यंत ग्लास काठोकाठ भरला होता. बिअर आंबट ढाण होती. मी दोन ग्लास प्यायलो.

"सांगलीला आमचं दार दिवसभर उघडं असायचं," ते नळ पुसत म्हणाले. "इथं बेल वाजली की पार्सलच असतं रे."

मी निघालो तेव्हा ते म्हणाले, "उद्या..." आणि पटकन जीभ चावली. बोलावणं झालं असतं ना! मग त्यांनी माझा ग्लास विसळला आणि कपाटात न ठेवता माझ्या स्टुलासमोर काउंटरवरच पालथा घातला.